धान्याचे हत्यार



डिसेंबर १९७९ मध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी ४ जानेवारी १९८० ला रशियाला जाणारा १ कोटी ७० लाख टन मका-गहू रोखला. रशिया वाकला? छे! अर्जेंटिनाने चढ्या भावाने माल दिला. फौजा १९८९ पर्यंत तिथेच. १९८१ मध्ये रेगन यांनी बंदी उठवली, तोवर गिऱ्हाईकाने दुसरे दुकान धरले होते.

२०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने काळ्या समुद्रातली गव्हाची जहाजे अडली, जगात भाव चढला. दिल्लीने अन्नसुरक्षेचे नाव सांगून १३ मे रोजी गव्हाची निर्यातच बंद केली. आम्ही विचारतो, लढाई त्यांची, दंड शेतकऱ्याला का? अमेरिकन सरकारने निदान अडकलेले धान्य स्वतःच्या पैशाने उचलले. आमच्या गहूवाल्यांचा चढा भाव बुडाला, त्याची भरपाई कोणी दिली नाही.