पितळेच्या अंतरंगाची विद्या
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



भंडारा आणि पितळ यांचे नाते आपणांस सांगावयास नको. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की तो पुन्हा तापवावा, नाही तर चीर पडते, हे कासाराच्या घरातील मूलही जाणते. परंतु तो कडक का होतो आणि आचेने नरम का पडतो, याचे कारण विसाव्या शतकापर्यंत कोणास उमगले नव्हते.

धातूतील अणू ओळींनी बसलेले असतात. एका मिलिमीटरात तांब्याचे सुमारे ४० लक्ष अणू मावतात. या ओळींत कोठे कोठे खंड असतात. घाव पडला की हे खंड सरकतात, म्हणून धातू वाकतो. घाव वाढले की खंडही वाढून एकमेकांत अडकतात आणि पत्रा कडक होतो. आचेने ही मांडणी पुन्हा सुरळीत होते. हे अनुमान १९३४ साली मांडले गेले. १९५५ साली अमेरिकेत अर्विन म्यूलर व त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांना सुटे अणू प्रथम दिसले. आणि १९५६ साली केंब्रिज येथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते खंड सरकताना प्रत्यक्ष दिसले.

ही विद्या केवळ कुतूहलाची नव्हे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात पागांमध्ये ठेवली असता आपोआप तडकत. पागेतील अमोनिया आणि धातूत कोंडलेला ताण, ही दोन कारणे १९२१ साली सिद्ध झाली. उपाय कोणता? काडतुसे बेताने तापविणे! आपल्या भट्टीतील रीतच ती.

स्टीलच्या भांड्यांनी आपल्या कित्येक भट्ट्या थंड केल्या, हे दुःख आम्ही जाणतो. पण धातूची जाण थंड होऊ देऊ नये. बारावीनंतर भौतिकशास्त्र वा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावी, अथवा धातुशास्त्राची अभियांत्रिकी घ्यावी. ती नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत आहे. पुढे मुंबईची आय.आय.टी. आणि पुण्याची आयसर येथे संशोधनाची दारे उघडी आहेत. आय.आय.टी.तील एम.एस्सी.साठी ‘जॅम’ परीक्षा असते. ‘नेट’ परीक्षेतून कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाल्यास, जानेवारी २०२३ पासूनच्या दराने, पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात.

खरी अडचण परीक्षेची नाही, आपल्या धीराची आहे. पदवी हाती पडताच मुलाला दुकानात बसविण्याची आणि मुलीचे लग्न उरकण्याची आपणांस घाई असते. डॉक्टरेटला पाच-सहा वर्षे लागतात. ओतीव भांडे साच्यातून अवेळी काढले तर ते वाया जाते, हे ज्यांना कळते त्यांनी आपल्या लेकरांनाही वेळ द्यावा.

परीक्षेसाठी नागपूरला जाणाऱ्या गरजू मुलामुलींचा प्रवासखर्च समाजाने उचलावा, असा ठराव आजच्या सभेने करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.