जिना, पत्रपेटी आणि शेजार

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलताना सुटलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



कमिटीने मला ‘सोसायटीची पंचवीस वर्षे’ हा विषय आणि दहा मिनिटं दिली आहेत. टाकी किती वेळा गळली, रंग किती वेळा काढला, लिफ्टला किती खर्च आला, हे सगळं अहवालात छापलेलं आहे. ते आकडे मीच तपासून दिलेत. पुन्हा वाचून दाखवत नाही. मी आज एका चुकीबद्दल बोलणार आहे. पण त्या आधी माझ्या नातीने माझ्यावर केलेला प्रयोग सांगावा लागेल.

नात मानसशास्त्रात एम.ए. करते. गेल्या वर्षी तिचा फोन आला, “आबा, मला एक माणूस कमी पडतोय, तुम्ही येता का?” मला वाटलं कॅरमला. तर तिने माझ्या मोबाईलवर काहीतरी बसवून दिलं. सकाळी आठ ते रात्री नऊपर्यंत, दिवसातून सहा वेळा, कधीही घंटी वाजणार. वाजली की चार उत्तरं द्यायची. कुठे आहात? काय करताय? सोबत कोण आहे? आत्ता, या क्षणाला कसं वाटतंय, एक ते सात गुण. असं चौदा दिवस. एकूण ८४ घंट्या. त्यातल्या ७१ ची उत्तरं मी दिली. उरलेल्या १३ बहुतेक दुपारच्या झोपेत गेल्या.

सुरू करण्याआधी तिने विचारलं होतं, तुम्हाला दिवसात सगळ्यात बरं कधी वाटतं? मी बेधडक सांगितलं, सकाळचा पेपर आणि टीव्हीवरची मॅच. चौदा दिवसांनी तिने माझेच गुण माझ्यापुढे ठेवले. टीव्हीला मी तीन आणि चार दिलेले. पेपरला चार. सहा आणि सात असे गुण फक्त नऊ वेळा. त्यातले सात वेळा मी घराच्या बाहेर आणि कंपाउंडच्या आत होतो. भाजीच्या गाडीजवळ, जिन्यात, गच्चीवर. एकदा तर पाणी गेलं म्हणून सगळे खाली जमलो होतो आणि मी पंपवाल्यावर चांगलाच चिडलो होतो. तरी सहा गुण! सोबत कोण, या प्रश्नाला त्या सातही वेळा उत्तर एकच होतं. शेजारी.

आणि ‘एकटा’ हे उत्तर ७१ पैकी ४४ वेळा. हिला जाऊन चार वर्षं झाली, त्यामुळे त्यात नवल नाही. पण आकडा समोर आला की माणूस जरा गप्प होतो.

ही पद्धत जुनी आहे. शिकागो विद्यापीठात चिक्सेंटमिहाय नावाचे हंगेरियन वंशाचे प्राध्यापक होते. (या नावाचा खातेदार बँकेत आला असता तर पासबुकावर नाव लिहायला कुणी तयार झालं नसतं.) त्यांनी १९७० च्या दशकात लोकांच्या कमरेला पेजर लावून हेच केलं. आपल्याकडे पेजर आला १९९५ मध्ये, आणि आला तसा गेलाही. त्यांचा मुद्दा साधा होता. माणसाला महिन्याने विचारलं, कसं चाललंय, तर तो ठोकळ उत्तर देतो. घडत असतानाच विचारा. आम्ही बँकवाले हे फार लवकर शिकतो. कॅश त्याच संध्याकाळी जुळवली तर चूक सापडते. महिन्याने बसलात तर नुसतं भांडण होतं.

पुढे डॅनिएल काहनेमन यांनी, ज्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, सहकाऱ्यांबरोबर टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा तासातासाचा जमाखर्च लिहून घेतला. २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कामाच्या ठिकाणी जाण्यायेण्याचा वेळ अगदी तळाला होता. लोकलने तीस वर्षं गेलेल्यांना हे सांगायला संशोधन नको. माणसांत मिसळण्याचा वेळ वरच्या क्रमांकांत होता. आणि मुलांना सांभाळणं टीव्ही पाहण्याच्याही खाली निघालं! आई झालेल्यांनी हसू नये, सतरंजीवरची मंडळी ऐकतायत.

नातीने दिलेल्या वाचनात मला खरा धक्का दुसऱ्याच एका अभ्यासाने दिला. तो सोसायटीचाच आहे म्हणा ना. अमेरिकेत एमआयटी ही संस्था आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी तिथे वेस्टगेट वेस्ट नावाची वसाहत होती. त्यातल्या इमारती दुमजली, प्रत्येक मजल्यावर पाच घरं. जागा रिकामी होईल तशी मिळायची, शेजारी निवडायची सोय नव्हती. फेस्टिंगर, शाक्टर आणि बॅक या तिघांनी या कुटुंबांना विचारलं, तुमचं जाणं-येणं कोणाकडे जास्त? त्यांचं पुस्तक १९५० मध्ये निघालं.

आपण म्हणू, स्वभाव जुळले असतील त्यांची मैत्री झाली असेल. त्यांनी मोजली दारं. एकाच मजल्यावर भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याचं नाव घेण्याचं प्रमाण ४१ टक्के. मध्ये एक दार आलं की २२. मध्ये दोन आली की १६. पार टोकाच्या घराचं नाव घेणारे १०. ही सगळी दारं एकमेकांपासून काही पावलांवरच होती, हे लक्षात घ्या. आणि तळमजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी ज्यांचं घर, त्यांची वरच्या मजल्यावर ओळख जास्त. पत्रपेट्यांजवळ राहणाऱ्यांचंही तसंच. जाता-येता लोक त्यांच्या दारावरून जायचे, एवढंच त्यांचं कर्तृत्व.

आता कुणी म्हणेल, शेजारी म्हणजे भांडणंही तेवढीच. तेही कबूल. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गृहसंकुलाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मित्र जवळपास राहणारे निघालेच, पण नावडती माणसं त्याहून जवळ राहणारी निघाली. छतातून झिरपणारं पाणी, कुंड्या, बुटांचे स्टँड, याची सर्व पत्रं माझ्या फाईलला आहेत, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही.

पण पत्रपेटी हा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटून ठेवलं.

जुन्या सभासदांना आठवत असेल. आपल्या दोन्ही विंगच्या जिन्याखाली पत्रपेट्या होत्या आणि बी विंगमध्ये त्यांच्यासमोर एक लाकडी बाकडं. अकराच्या सुमारास पोस्टमन यायचा. एलआयसीची नोटीस, पेन्शनचं पत्र, लग्नाची पत्रिका. जो तो खाली उतरायचा आणि उतरलेला लगेच वर जायचा नाही. २०१६ मध्ये मी खजिनदार होतो. पोस्टमन, कुरिअर आत येतात, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, म्हणून पत्रपेट्या काढून टपाल वॉचमनच्या केबिनमध्ये घ्यावं, बाकडं काढावं आणि त्या जागी दोन दुचाक्या लावाव्यात, असा ठराव आला. महिना पन्नास रुपये दराने दोन गाड्यांचे वर्षाला बाराशे रुपये. इतिवृत्तात लिहिलंय, ‘एकमताने मंजूर’. सूचक म्हणून नाव माझं आहे. मला तेव्हा त्या बाराशे रुपयांचा अभिमान वाटला होता.

बी विंगमधल्या काकू तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या मुलाला विचारूनच हे सांगतोय. एकट्या राहायच्या. रोज अकराला पेटी उघडायला खाली, मग बाराची कुकरची वेळ होईपर्यंत बाकड्यावर. पेटी बहुतेक दिवस रिकामीच असायची. पेट्या गेल्यावर वॉचमन टपाल वर नेऊन द्यायला लागला. काकूंची सोय झाली, असं आम्ही म्हणायचो. २०२२ च्या पावसाळ्यात त्या सकाळी न्हाणीघरात पडल्या. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने कालची पिशवी दाराला तशीच लटकलेली पाहिली, तेव्हा कळलं. जवळजवळ चोवीस तास. माझं घर त्यांच्या बरोबर वरच्या मजल्यावर. त्या दिवशी मी चार वेळा त्यांच्या दारावरून गेलो असेन.

काकू वाचल्या. आता मुलाकडे नाशिकला असतात, फ्लॅट बंद आहे. पत्रपेटी तिथेच असती तर त्या पडल्या नसत्या, असं मी म्हणत नाही. पण अकराला बाकड्यावर दिसल्या नाहीत, तर साडेअकराला कुणीतरी बेल वाजवली असती. ती बेल मी बाराशे रुपयांना विकली.

कमिटीतले तरुण सभासद म्हणतात, काका, आता टपाल येतंच किती? सगळं मोबाईलवर येतं. बरोबर आहे. वेस्टगेटमध्ये तरी लोक काय फक्त पत्रं घ्यायला जात होते? शिवाय आता पार्सलं येतात. पूर्वीच्या पत्रांपेक्षा जास्तच येतात, आणि गेटवरून लिफ्टने थेट वर जातात.

तेव्हा येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी लेखी ठराव देणार आहे. बी विंगच्या जिन्याखालच्या दोन दुचाक्या हलवाव्यात, तिथे बाकडं आणि पत्रपेट्या परत बसवाव्यात, पार्सलांसाठी शेजारी एक फळी ठोकावी आणि आलेली पार्सलं तिथेच ठेवावीत. खर्चाचा प्रश्न येईल. पेट्या भंगारात विकल्याचं माझ्याच ताळेबंदात दिसत नाही, कारण त्या विकल्याच नाहीत. भंगारवाला फार कमी देत होता. गच्चीवर टाकीखालच्या खोलीत सगळ्या पेट्या आहेत, थोड्या गंजल्यात. किल्ल्यांचा जुडगा माझ्या कपाटात आहे. बाकड्याचा खर्च मी देतो.

त्या दोन गाड्यांपैकी एक माझ्या मुलाची आहे. ती सोमवारपासून मागे, बोअरिंगजवळ लागेल. दुसरी कुणाची ते सर्वांना माहीत आहे. मी त्यांच्याशी बोललोय. विचार करून सांगतो, म्हणालेत. ते आज पहिल्या रांगेत बसलेत.