जनुक, बोंडअळी आणि बियाण्याची मालकी



विज्ञानाचे नवे साधन समाजाच्या हाती येते तेव्हा त्याचे मूल्यमापन भीतीने अथवा भक्तीने करून चालत नाही; ते अनुभवाच्या कसोटीवर करावे लागते. जनुकीय तंत्रज्ञानाचा असा अनुभव भारताने कापसाच्या शेतात घेतला आहे.

सजीवांच्या पेशींत डीएनए नावाचा दीर्घ रेणू असतो. त्यावर चार अक्षरांच्या लिपीत प्रथिने घडविण्याच्या सूचना असतात. अशा एका सूचनेस स्थूलमानाने जनुक म्हणता येईल. जिवाणूपासून मनुष्यापर्यंत ही लिपी जवळजवळ एकच आहे. म्हणूनच एका जीवाचे जनुक दुसऱ्या जीवात वाचले जाते. जिवाणूंकडून तयार करून घेतलेले मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये औषध म्हणून मान्य झाले, ते याच तत्त्वावर.

मातीतील बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू एक विशिष्ट प्रथिन तयार करतो. अळीच्या पोटातील अल्कधर्मी रसात ते विरघळते, आतड्याला छिद्रे पाडते आणि अळी मरते. माणसाच्या आतड्यात ते चिकटण्याची जागाच नसते. हे जनुक कापसात घातले, तोच बीटी कापूस. मार्च २००२ मध्ये केंद्र शासनाच्या समितीने त्याच्या तीन संकरित वाणांना अनुमती दिली. प्रारंभी हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या घटल्या, हे मान्य केलेच पाहिजे. २००६ मध्ये दोन जनुकांचा वाणही आला.

परंतु निसर्ग स्वस्थ बसत नाही. लक्षावधी अळ्यांतील एखादी ते विष पचविते, तिचीच संतती वाढत जाते. यावर उपाय ठरलेला होता. शेताच्या कडेला साध्या कापसाच्या ओळी लावावयाच्या, म्हणजे तेथील पतंगांशी संकर होऊन प्रतिकारशक्ती विरळ होते. त्यासाठी बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कापसाची वेगळी पुडीही मिळे. बहुतेक शेतांत ती पेरलीच गेली नाही. त्यात दीर्घ मुदतीचे वाण आणि फरदड घेण्याची सवय यामुळे अळीला महिनोन्‌महिने अन्न मिळत राहिले. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला पुरून उरल्याचे जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडे वरून निरोगी दिसत होती. फोडली की आतील सरकी पोखरलेली! त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

दोष जनुकाचा की वापराचा? जनुकाने आपले काम केले. शिस्त पाळली गेली नाही आणि पाळून घेतलीही गेली नाही.

दुसरा प्रश्न मालकीचा. भारतात बीटी जनुक मुख्यतः संकरित वाणांतून आले. संकरिताचे बी पुढच्या वर्षी तसेच उगवत नाही. त्यामुळे दरवर्षी दुकानाची पायरी चढणे आले. वास्तविक २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बी राखण्याचा व पेरण्याचा हक्क दिला आहे. परंतु राखण्याजोगे सरळ वाणच हाती नसतील, तर तो हक्क कागदावरच राहतो.

मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांनी जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांत परक्या जीवाचे जनुक नाही. भाताच्याच जनुकात सूक्ष्म बदल केला आहे. सार्वजनिक पैशातून झालेले असे संशोधन स्वागतार्ह आहे. मात्र ते शेतकऱ्याच्या कणगीपर्यंत कोणत्या अटींवर पोहोचते, हे समाजाने डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. प्रयोगशाळेत जनुक बदलणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे बांधावर करावयाचे असते.