सायकल पगारातून

ब्रिटनमध्ये आपल्या मराठी मंडळींची औषधांची दुकानं आहेत, दातांचे दवाखाने आहेत, केअर होम आहेत. त्या मालकांशी मला आज बोलायचंय. ‘सायकल टू वर्क’ योजनेची करसवलत इथे 1999 सालच्या कायद्याने आली. तरीही ती मोठ्या कंपन्यांचीच, असा समज अजून आहे. दहा माणसांच्या दवाखान्यालाही ती राबवता येते.

सायकल मालकाने घ्यायची, कर्मचाऱ्याला भाड्याने द्यायची आणि कर कापण्याआधीच त्याचा पगार तेवढ्याने कमी करायचा. समजा, सायकल 900 पौंडांची; हेल्मेट, कुलूप, दिवे धरून 960. बारा महिने 80 पौंड. इंग्लंडमध्ये 20 टक्के कर भरणाऱ्याच्या हातात येणारी रक्कम मात्र 57 पौंड 60 पेन्सनेच घटते, कारण कर आणि 8 टक्के नॅशनल इन्शुरन्स वाचतो. मालकाच्या वाट्याचा 15 टक्के इन्शुरन्सही वाचतो, महिन्याला 12 पौंड.

कागद दोनच. नोकरीच्या करारातला बदल आणि भाडेकरार. पण दोन्हींवर सह्या आधी, कपात नंतर. कर्मचाऱ्याने स्वतः आधीच घेतलेली सायकल यात बसवता येत नाही. योजना सगळ्यांना खुली हवी, आणि सायकलीचा निम्मा तरी वापर कामावर येण्याजाण्यासाठी हवा. हजार पौंडांपर्यंतचं सामान तुम्ही स्वतः भाड्याने देऊ शकता. त्यापुढे वित्तीय नियामकाची परवानगी लागते, किंवा योजना चालवणाऱ्या एखाद्या कंपनीमार्फत जावं लागतं.

‘वर्षाने सायकल तुझीच’ असं मात्र सुरुवातीला कबूल करू नका. तशी हमी दिली तर सवलतच धोक्यात येते. वर्षाअखेरीस विकायची झाली तर करखात्याच्या तक्त्याप्रमाणे किंमत धरतात 25 टक्के, म्हणजे 225 पौंड. चार वर्षांनी तीच 7 टक्के, 63 पौंड. म्हणून बरेच जण भाडेकराराची मुदत वाढवून घेतात. बाळंतपणाच्या रजेच्या बेतात असलेल्या कर्मचारिणीला मात्र आधी हिशेब करून दाखवा, कारण पगार घटला की रजेतला पगारही घटू शकतो.

आता मला खरी सलणारी गोष्ट. कपातीनंतरचा पगार किमान वेतनाखाली जाता कामा नये, असा नियम आहे. नियम कामगाराच्या भल्याचा आहे, पण त्यामुळे किमान वेतनावरची माणसं योजनेबाहेर राहतात. सकाळी सात वाजता केअर होममध्ये पाळी सुरू करणारी बाई, रविवारी बस उशिरा सुरू होते म्हणून अंधारात चालत येणारी, तिला सायकलीची गरज सगळ्यांत जास्त. आणि 40 टक्के कर भरणाऱ्या डॉक्टरला सवलत सगळ्यांत मोठी. हे मला मुळीच पटत नाही.

यावर उपाय मालकाच्या हातात आहे. तिला सायकलीसाठी बिनव्याजी उचल द्या. एका कर्मचाऱ्याकडचं कर्ज एकूण 10,000 पौंडांच्या वर गेलं नाही, तर न घेतलेल्या व्याजावर कर लागत नाही. आणि लेखी ठरवलेल्या उचलीचा हप्ता किमान वेतनाच्या हिशेबात वजा धरला जात नाही. तिचा कर वाचणार नाही, पण सायकल महिन्याच्या हप्त्यावर दारात येईल.

तेव्हा मालकांनो, पुढच्या पगाराआधी तुमच्या हिशेबनिसाला गाठा, आणि योजनेचं पत्र काढाल त्याच दिवशी उचलीचंही पत्र काढा.