‘मूक’ हा शब्द मागे घेऊ या

संमेलनात वर्षभरातल्या साहित्याचा आढावा घेण्याचा रिवाज आहे, पण तो आज मी बाजूला ठेवतो. माझ्या मनात अनेक वर्षं एक शब्द सलतो आहे, आणि हाती असलेला वेळ मला त्यालाच द्यायचा आहे. तो शब्द म्हणजे ‘मूकबधिर’.

यातला ‘बधिर’ ही कानाची स्थिती आहे. ‘मूक’ हा आपण काढलेला निष्कर्ष आहे, आणि तो चुकीचा आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बहुतेकांचा कंठ शाबूत असतो. उच्चार कानावर पडत नाहीत म्हणून ते सहजी उमटत नाहीत, इतकंच. भाषा मात्र त्यांच्याकडे असते. भारतीय सांकेतिक भाषेत ‘कुठे’, ‘काय’ हे प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी येतात आणि भुवयांची हालचाल हा व्याकरणाचाच भाग असतो. आपण मात्र तिला ‘हातवारे’ म्हणून मोकळे होतो. संकेतांनाही हाताचा आकार, जागा आणि हालचाल असे घटक असतात, हे विल्यम स्टोकी यांनी अमेरिकेतल्या सांकेतिक भाषेचा अभ्यास करून १९६० मध्येच दाखवलं होतं. शिवाय दाद न देणाऱ्या सरकारला आपण बहिरं म्हणतो, भावना मेलेल्या मनाला बधिर म्हणतो. ज्याला ऐकू येत नाही आणि जो ऐकून घेत नाही, त्या दोघांना मराठीने एकाच पंगतीत बसवलं आहे.

शब्द बदलून काय साधणार, असं काही मित्र विचारतात. शाळांच्या पाट्यांवर ‘कर्णबधिर’ आलं, तरी मुलांचे हाल संपले नाहीत, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण ते संपले नाहीत, कारण कल्पना तीच राहिली: मुक्याला बोलतं करणं म्हणजे शिक्षण. १८८० साली मिलान येथील कर्णबधिरांच्या शिक्षणावरील परिषदेने मौखिक पद्धतच, म्हणजे बोलून शिकवणंच, श्रेष्ठ असल्याचा ठराव केला. ठराव करणाऱ्यांत कर्णबधिर जवळजवळ कोणीच नव्हते. देशोदेशीच्या शाळांतून हातांची भाषा हद्दपार झाली. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० ची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. ओठ वाचून सगळं समजतं, असं मानणाऱ्यांनी आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पाट’, ‘भात’, ‘माठ’ म्हणून पाहावं. प, भ, म या तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. क आणि ग तर घशाकडेच राहतात, दिसतही नाहीत. जेवायला बसलेल्या मुलाने आई काय म्हणाली ते कसं ओळखायचं?

आता कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र, आलं आहे, मग संकेत कशाला, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. ते यंत्र उपयोगी आहे, यात वाद नाही. पण ते लवकर बसवावं लागतं, त्यामागे दीर्घ वाचा-उपचार लागतात, आणि सगळ्यांनाच त्याचा सारखा लाभ होत नाही. भाषा रुजण्याची पहिली वर्षं तोवर थांबत नाहीत. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या घरी जन्मतात. घरात कोणीच संकेत शिकलं नाही, तर भरल्या घरात ते मूल एकटं पडतं. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांवर होती. ही प्रत्येक घराची खासगी अडचण म्हणून सोडून देता येत नाही.

याचा मराठी साहित्याशी संबंध काय, असंही विचारलं जाईल. या मुलांना मराठी वाचायची आणि लिहायची असते, आणि ज्या भाषेची विभक्ती कधी कानावर पडली नाही, ती त्यांना पानावरून शिकावी लागते. आधाराला त्यांची स्वतःची भाषा आहे: भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द जमले. मराठीतल्या गोष्टी या भाषेत सांगितल्या जाव्यात आणि तिच्यातल्या गोष्टी मराठीत लिहून याव्यात. हे कोणी आणि कसं करायचं, ते साहित्य संस्थांनी कर्णबधिर लेखक-शिक्षकांना सोबत घेऊन ठरवावं. मिलानची चूक पुन्हा नको.

आज माझ्या शेजारी सांकेतिक भाषेचा दुभाषी नाही. पुढच्या संमेलनात तो असावा, आणि त्याच्यावर पुरेसा उजेड असावा. हात दिसले पाहिजेत.