मस्तकाची सावली आणि श्रवणयंत्र



श्रवणयंत्र देताना आपण यंत्राचा विचार करतो, ते धारण करणाऱ्या मस्तकाचा नाही. डावीकडून आलेला ध्वनी उजव्या कानी सेकंदाच्या सुमारे १५००व्या भागाइतका उशिरा पोहोचतो. खर्जातला ध्वनी डोक्याला वळसा घालून जातो. ‘स’, ‘श’ या वर्णांतील वरच्या पट्टीचा अंश मात्र डोक्याआड अडतो आणि १५-२० डेसिबलपर्यंत क्षीण होऊ शकतो. म्हणूनच दोन्ही कान अधू असता एकालाच यंत्र लावलेल्या वृद्धास खामगावच्या बाजारात हाक ऐकू आली, तरी तिची दिशा उमगत नाही.

अमेरिकेतील नोल्स कंपनीने १९७२मध्ये सरासरी प्रौढाच्या मापाचा ‘केमार’ हा पुतळा सिद्ध केला. त्याच्या कानातील मायक्रोफोनने हा परिणाम मोजता येऊ लागला. परंतु मेहकरचे चार वर्षांचे मूल म्हणजे सरासरी प्रौढ नव्हे. त्याची कर्णनलिका लहान, त्यामुळे तेच यंत्र तिथे अधिक मोठा आवाज करते आणि उरलीसुरली श्रवणशक्तीही धोक्यात येऊ शकते. यास्तव पडद्याजवळ बारीक मऊ नळी ठेवून प्रत्यक्ष कानातला ध्वनी मोजावा लागतो. काम काही मिनिटांचेच असते.

शिबिरात वाटलेल्या यंत्रांचे छायाचित्र सुरेख येते, पेटीत पडून राहिलेल्यांचे कोणी काढत नाही. शंभर यंत्रांऐवजी पन्नास जणांना दोन-दोन, तीही मोजून द्यावीत, असे आम्ही देणगीदारांस आग्रहाने सुचवितो. तोवर एकच यंत्र असलेल्या रुग्णाशी आप्तांनी यंत्राच्याच बाजूला बसून बोलावे.