परतीचा नळ



मुचकुंदीच्या मुखाशी वसलेल्या या पूर्णगडच्या टापूतील जो हापूस पेटीस लागत नाही, तो रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांकडे जातो. आणि तेथे दुपदरी कढईत तो रस ज्या वाफेवर तापतो, तिच्या नळांच्या रचनेविषयी आज मला बोलावयाचे आहे, कारण बॉयलरच्या खरेदीचा खल महिनोन्महिने चालतो व नळांची तजवीज मात्र अखेरीस एकट्या फिटरवर सोपविली जाते, ही रीत मला अत्यंत अनिष्ट वाटते.

वाफेचे खरे सामर्थ्य तिच्या गुप्त उष्णतेत आहे. वातावरणाच्या दाबाखाली एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता तिच्या ठायी साठते, आणि कढईच्या भिंतीशी त्या वाफेचे पुन्हा पाणी होते तेव्हा तीच उष्णता रसाला मिळते. परंतु वेष्टन कितीही उत्तम असले तरी थोडी वाफ वाटेतच निवते; आणि हे पाणी तळाशी साचून सेकंदास २५ ते ३० मीटर वेगाने धावणाऱ्या वाफेच्या तावडीत सापडले, म्हणजे त्याचा लोट पुढच्या वळणावर असा आदळतो की बिडाची झडप तडकावी आणि जवळच्या कामगाराच्या जिवावर बेतावे. म्हणून मुख्य नळास प्रवाहाच्या दिशेने शंभरास एक असा उतार द्यावा, दर ३० ते ५० मीटरांवर तळाशी रुंद खळगा ठेवून तेथे पाणी सोडून वाफ अडविणारा स्टीम ट्रॅप बसवावा, आणि कढईकडे जाणारी फांदी नळाच्या माथ्यावरून काढावी. प्रसरणासही वाव हवा. ३० मीटरांचा पोलादी नळ ३० अंशांवरून १७० अंशांवर गेला की सुमारे ५ सेंटिमीटर वाढतो.

एवढे पुष्कळ जण पाळतात. उपेक्षा होते ती निवलेल्या वाफेचे पाणी बॉयलरकडे नेणाऱ्या परतीच्या नळाची. ७ किलो दाबाच्या वाफेचे पाणी होते तेव्हा तिच्या एकूण उष्णतेचा सुमारे चतुर्थांश त्या पाण्यात शिल्लक असतो, आणि ते गटारात सोडणे म्हणजे जळणाची व शुद्ध केलेल्या पाण्याची राजरोस उधळपट्टी होय. मात्र ट्रॅपमधून मोकळ्या दाबात येताच त्या पाण्याचा शेकडा १३ इतका भाग पुन्हा वाफ होतो. वजनाने अल्प अशी ही वाफ उरलेल्या पाण्याच्या शेकडो पट जागा व्यापते, आणि केवळ पाण्याचे माप धरून घेतलेला नळ तिला पुरत नाही. मग मागे दाब चढतो, कढईत पाणी तुंबते, रस तापेनासा होतो आणि बिचाऱ्या बॉयलरवर ठपका येतो.

याउलट साखर कारखान्यांत पाण्याची ही परत फार दक्षतेने सांभाळतात: बाष्पीभवनाच्या पहिल्या भांड्यातील शुद्ध पाणी बॉयलरकडे जाते, आणि पुढील भांड्यांतील पाण्यात साखरेचा अंश आला नाही ना, हे तपासल्यावाचून ते बॉयलरला देत नाहीत.

आपल्याकडे हंगाम सरताच नळ पावसाळाभर खाऱ्या, ओल्या हवेत उभे राहतात. भिजलेले वेष्टन उष्णता राखीत नाही, उलट त्याखाली पोलाद गंजते. यास्तव कारखाना बंद करताना तळाच्या झडपा उघडून नळ पुरते निथळू द्यावेत, वेष्टनावरील पत्र्याचे सांधे तपासावेत. आणि नव्या कारखान्याचा नकाशा मंजुरीस येईल तेव्हा परतीच्या नळाचा व्यास कोणत्या हिशेबाने ठरविला, हे मालकाने लेखी मागून घ्यावे.